फ्रान्समधील एका वर्षात 'बाकालोरेआ' हाती पडत नाही

विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमातून वर्षभर फ्रान्समधील 'लिसे'त, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेत, शिकले की तिथली बारावी, म्हणजे बाकालोरेआ, आपसूक पदरात पडते आणि इथले एक वर्ष वाचते, असा समज फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये बराच रूढ आहे; तो खरा नाही. लिसेचे शिक्षण तीन वर्षांचे असते आणि बाकालोरेआचे 40 टक्के गुण शेवटच्या दोन वर्षांतील कामगिरीवरून ठरतात. फ्रेंच विषयाची लेखी व तोंडी परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस होते, तर तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर, दोन विशेष विषय आणि 'ग्रां ओराल' ही तोंडी परीक्षा तिसऱ्या वर्षी असते. परदेशी विद्यार्थ्याला बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसवतात, तेव्हा ही साखळी पूर्ण होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

त्याला मिळते ते प्रगतिपुस्तक: प्रत्येक विषयाचे 20 पैकी गुण आणि शिक्षकांचा शेरा. (20 पैकी 14 पाहून घरच्यांनी धसका घेऊ नये, तिथे ते चांगले गुण मानले जातात.) भाषेच्या पातळीचा दाखला हवा असल्यास 'डेल्फ' ही परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते.

फ्रान्स-जर्मनीतील 'व्होल्तेर' कार्यक्रमातही विद्यार्थी सहा महिने दुसऱ्या देशातील जोडीदार विद्यार्थ्याच्या घरी व शाळेत काढतो, पुढचे सहा महिने त्या जोडीदाराला आपल्या घरी ठेवून घेतो आणि शालान्त परीक्षा आपल्याच देशात देतो.