एरर पकडली म्हणजे हाताळली असं नाही

सिंटॅक्स एरर आणि रनटाइम एरर यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे: पहिलीत प्रोग्राम सुरूच होत नाही, दुसरीत चालता चालता अडतो. ट्राय-एक्सेप्टही येतं: ट्रायखालच्या कोडमध्ये एरर आली, की प्रोग्राम न पडता एक्सेप्टखालचा कोड चालतो. घोळ होतो तो त्यानंतर, आणि रत्नागिरीत पायथन शिकवताना मी तो दर बॅचला बघतो. एक्सेप्ट लिहिलं, प्रोग्राम शेवटपर्यंत गेला, की पोरं सांगतात, "सर, एरर हँडल केली." हँडल नाही केली. नुसती पकडली.

एप्रिलमधली गोष्ट. एका बागायतदाराच्या हापूसच्या ऑर्डरी एक्सेलमध्ये होत्या, पेट्यांची बेरीज हवी होती. माझ्या एका विद्यार्थ्याने पेट्यांच्या रकान्यातली एकेक नोंद 'इंट'मधून, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या फंक्शनमधून, काढून बेरजेत धरली. पायथनच्या इंटला देवनागरी आकडे कळतात. '५' दिलं तर पाच ही संख्या मिळते. पण एका ओळीत '५ पेट्या' होतं आणि दुसऱ्या एकीत अक्षरी 'सात'. तिथे व्हॅल्यूएरर आली, म्हणजे 'या मजकुराची संख्या होत नाही' अशी तक्रार. त्याने लिहिलं एक्सेप्ट, आणि खाली पास, म्हणजे 'काही करू नको, पुढे जा'. प्रोग्राम सुरळीत चालला, बेरीज छापली गेली आणि मुंबईच्या टेम्पोत १२ पेट्या कमी चढल्या. प्रोग्राम त्या ओळीवर आपटला असता तर निदान टेम्पो सुटायच्या आधी कळलं असतं.

पकडणं म्हणजे प्रोग्राम पडू न देणं. हाताळणं म्हणजे आता पुढे काय, याचं उत्तर देणं. इथे ते उत्तर होतं: फक्त व्हॅल्यूएरर पकडायची, ओळीचा नंबर आणि त्यातला मूळ मजकूर बाजूच्या यादीत टाकायचा, आणि ती यादी रिकामी होईपर्यंत बेरीज पक्की म्हणून दाखवायची नाही.

'फक्त व्हॅल्यूएरर' हे मी मुद्दाम म्हणतो. कुठली एरर ते न सांगता लिहिलेलं नुसतं मोकळं एक्सेप्ट मला कुणाच्याही कोडमध्ये खपत नाही. त्यात कंट्रोल-सीसुद्धा अडकतं, म्हणजे प्रोग्राम थांबवायला गेलात तरी तो थांबत नाही. व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तर येणारी नेमएररही त्यातच गडप होते. मग प्रत्येक ओळ 'पास' आणि बेरीज शून्य. त्याऐवजी एक्सेप्ट एक्सेप्शन, म्हणजे नेहमीच्या सगळ्या एरर पकडणारं, लिहिलंत तर कंट्रोल-सी सुटतं, नेमएरर तरीही गिळली जाते.

पावसात नेटवर्क गेलं, तर थोडं थांबून तीनदा प्रयत्न करा, ते हाताळणंच आहे. पण स्पेलिंग तीनदा चालवून सुधारत नाही.

आणि ऑर्डरींची फाइलच सापडली नाही तर? बेरीज करणाऱ्या फंक्शनमध्ये ती एरर पकडूच नका. दुसरी फाइल कुठे आहे, हे त्या फंक्शनला कळायला मार्ग नाही. ज्या कोडने त्या फंक्शनला बोलावलं, त्याला ते विचारता येतं. एरर त्याच्यापर्यंत जाऊ द्या.