तरवडाचं डावं-उजवं फूल

बेळगाव जिल्ह्यात चिकोडीहून अथणीकडे जाताना उसाचा हिरवा पट्टा मागे पडला आणि मुरमाड माळ सुरू झाला, की बांधाबांधावर पिवळीधमक झुडपं दिसू लागतात. तो तरवड. खानापूरकडे घाटाचा पाऊस झोडपून काढतो. अथणी, रायबाग, सौंदत्तीपर्यंत येता येता तो पार विरळ होतो. तरवड फुलतो तो या कोरड्या बाजूला. कानडीत याला आवरिके म्हणतात. नवरात्रात घटाच्या माळेत आपण त्याची फुलं ओवतो आणि तेलंगणाचं तर ते राज्यफूल आहे. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर उपपर्णं असतात, त्यावरून हे नाव पडलं.

एक फूल तोडून तळहातावर घ्या. त्यात मध नाही, थेंबभरसुद्धा नाही. मग कीटक येतात कशाला? परागकण खायला. पण सगळे पराग खाऊन संपले तर बी कशी धरणार? तरवडानं कामाची वाटणी केली आहे. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ, मधले आखूड केसर खाऊ घालण्यासाठी आणि खालचे लांब, वाकडे केसर वंश वाढवण्यासाठी. परागकोश, म्हणजे केसराच्या टोकाची परागांची पिशवी, उकलत नाही, त्याच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. घूंऽऽ असा आवाज होतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग बाहेर उडतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही.

आता त्याच झुडपावरची दुसरी फुलं बघा. काहींची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, डावीकडे वळलेली, काहींची उजवीकडे, आणि लांब केसर तिच्या समोरच्या बाजूला. त्यामुळे एका फुलात भुंग्याच्या ज्या कुशीला पराग लागतात, ती कूस उलट वळणाच्या फुलात नेमकी कुक्षीला घासते. मला तरी माळावर याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

उन्हाळ्यात तरवड तग धरतो तो खोल मुळांवर. तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. शेळीसुद्धा सहसा त्याला तोंड लावत नाही, कारण तो तुरट असतो. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांना घट्ट बांधतं. कातड्याच्या बाबतीत हेच झालं, की ते कुजत नाही. म्हणून दक्षिणेत कातडी कमावायला पिढ्यान् पिढ्या तरवडाची साल वापरली गेली. अथणी-निपाणीत कोल्हापुरी चपला बनवणाऱ्यांना बाभळीची साल आणि हिरडा यांच्याइतकीच ही गोष्ट ओळखीची वाटेल.

हल्ली जेसीबी लावून बांध सपाट करतात, तेव्हा तरवड 'निरुपयोगी झुडूप' म्हणून पहिला उपटला जातो. हे पाहून जीव तुटतो. वांग्याच्या फुलांतही पराग अशाच भोकातून पडतात आणि वांग्या-टोमॅटोला हीच थरथर उपयोगी पडते. वांगी निघाल्यावर भुंग्यानं जायचं कुठे? एरवी तो बांधावरच्या तरवडावर असतो.