प्रारण-सुरक्षा याचिका (ठाणे व नवी मुंबई)

प्रारण-सुरक्षेचे नियम कागदावर असूनही शासन ते अमलात आणत नाही, म्हणून शासनाविरुद्ध केलेली याचिका. ती बहुधा संविधानाच्या अनुच्छेद 226 खालील जनहित याचिका असते आणि परमादेश, म्हणजे शासनाने आपले कर्तव्य करावे असा न्यायालयाचा आदेश, मागते. ठाणे व नवी मुंबईसाठी ती मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठापुढे दाखल होते.

‘प्रारण’ (कोणत्याही स्रोतातून बाहेर पडणारे किरण, रेडिएशन) आणि ‘किरणोत्सर्ग’ (द्रव्यातून आपोआप होणारे किरणांचे उत्सर्जन) यांची गल्लत टाळावी. क्ष-किरण यंत्रात किरणोत्सर्गी द्रव्य नसते. वीज बंद होताच प्रारण थांबते. औद्योगिक रेडिओग्राफीतील (धातूचे जोड किरणांनी तपासण्याच्या कामातील) किरणोत्सर्गी इरिडियम-192 मात्र अखंड किरण सोडतो आणि त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. वाशीच्या ‘ब्रिट’ (अणुऊर्जा विभागाचे प्रारण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ) संकुलातील, मसाले किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या विकिरण प्रकल्पात कोबाल्ट-60 असतो. त्याला सव्वापाच वर्षे लागतात. तिन्हींना लागू होणाऱ्या अटी वेगळ्या आहेत. सरसकट ‘किरणोत्सर्गी’ लिहिलेली याचिका शासनाच्या पहिल्याच प्रतिज्ञापत्रात खोडली जाते.

अशा याचिकांचा उगम चेर्नोबिलच्या अणुभट्टी अपघातानंतर आयात झालेल्या आयरिश लोण्याच्या खटल्यात शोधता येतो. तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तज्ज्ञांनी लोणी सुरक्षित ठरवल्यावर 1988 च्या सुमारास निकाली निघाला. परंतु तेथे वाद पदार्थाच्या सुरक्षिततेचा होता, नियम न पाळण्याचा नव्हे. म्हणून प्रत्येक राज्यात प्रारण-सुरक्षा संचालनालय स्थापण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा निर्देश हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. महालेखापरीक्षकांच्या 2012 च्या अहवालानुसार दहा वर्षांनंतरही अशी संचालनालये केवळ केरळ आणि मिझोराममध्ये होती. देशातील 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी 5,270 नोंदणीकृत होती. दंडाची कमाल रक्कम वचक बसण्याइतकी नाही, असेही त्यात नमूद आहे. ही आकडेवारी जुनी असली तरी अंमलबजावणीतील कसूर दाखवण्यास आजही उपयोगी पडते.

नियमांचा मुख्य आधार म्हणजे 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखाली केलेले 2004 चे प्रारण संरक्षण नियम. जनतेसाठी प्रारण-मात्रेची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक). कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने 20, कोणत्याही एका वर्षात 30. कर्मचाऱ्याला मिळालेली मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला साधारणतः दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो.

आधी माहिती अधिकारात अणुऊर्जा नियामक मंडळाकडे संबंधित क्ष-किरण केंद्राचा परवाना, त्याची मुदत आणि शेवटच्या गुणवत्ता चाचणीची तारीख मागावी. उत्तराची मुदत 30 दिवस. मग मंडळाला आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला नेमका नियम नमूद करून लेखी मागणी करावी व पोच जपावी. परमादेशासाठी मागणी आणि नकार, किंवा दीर्घ मौन, दाखवावे लागते. बहुतेक प्रकरणे इथेच अडतात. दुसरी चूक म्हणजे एकट्या महानगरपालिकेला प्रतिवादी करणे. पालिका शुश्रूषागृहांची नोंदणी करते, पण अणुऊर्जा हा केंद्रसूचीतील विषय आहे. केंद्र शासन आणि मंडळ प्रतिवादी हवेतच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पहिल्या अनुसूचीत अणुऊर्जा कायदा नाही, त्यामुळे पुण्याच्या पीठाकडे जाण्यात वेळ जातो.

पुराव्यासाठी खिशातला गायगर गणक (किरण मोजणारे छोटे उपकरण) वापरू नये. क्ष-किरणाचा स्पंद सेकंदाच्या काही अंशाचा असतो. गणक तो चुकवतो किंवा भलताच आकडा दाखवतो. अंशशोधित (प्रमाणित मापाशी पडताळलेल्या) आयनीकरण-कक्ष मापकाचे वाचनच ग्राह्य धरता येते, आणि सोबत यंत्राचा किलोव्होल्ट, मिलिअँपिअर-सेकंद, अंतर व भिंतीची जाडी नोंदवलेली असावी.

मोबाईल मनोऱ्यांचे प्रारण आयनीकारक (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करणारे) नसते. त्याचे मानक दूरसंचार विभाग ठरवतो. तो विषय या याचिकेत जोडू नये.