एकाच पुरात एकाचं शेत खरडतं, दुसऱ्याचं बुजतं

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला आणि सोलापूर जिल्ह्यात नदीकाठच्या शेतांचे पंचनामे सुरू झाले. जमिनीच्या नुकसानीचे त्यात दोन वेगळे प्रकार असतात. एक, खरडून गेलेली जमीन. दुसरा, गाळ साचलेली जमीन, आणि तोही थर तीन इंचांपेक्षा जाड असेल तरच मदतीच्या निकषात बसतो. नदी तीच, पूर तोच, तरी बांधाच्या अलीकडचं रान मुरमापर्यंत उघडं पडतं आणि पलीकडच्या उसात गुडघाभर गाळ बसतो. मग गावात बोललं जातं की नदी कोपली, अमक्यानं म्हसोबाचा दगड हलवला म्हणून त्याचंच रान गेलं. ज्याची माती वाहून गेली त्याच्याच माथी वर पापही मारायचं, हे मला फार क्रूर वाटतं. खरं कारण पाण्याचा वेग आणि मातीच्या कणाचा आकार या दोन गोष्टींत आहे.

आधी हा गाळ येतो कुठून ते पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या पोटात सगळीकडे काळा कातळ आहे, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो बनला. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, कातळाच्या फटींत मुरतं आणि त्यातली खनिजं हळूहळू कुजवतं. कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. ग्रॅनाइटच्या मुलखात या प्रवासात गारगोटीचे न कुजणारे कण मागे उरतात आणि त्यांची भरपूर वाळू होते. आपल्या कातळात गारगोटीचे ते कण जवळपास नसतातच. त्यामुळे इथे वाळू थोडी आणि चिकणमाती अफाट. भीमा-सीनेच्या वाळूत कातळाचे बारीक तुकडे, चुनखडीचे खडे आणि लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारांचे तुकडे जास्त सापडतात.

कणांची प्रतवारी मापावर होते. दोन मिलिमीटरपासून साधारण ०.०६ मिलिमीटरपर्यंत वाळू, त्याखाली पोयटा, आणि ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक ती चिकणमाती. खळ्यावर ज्वारी उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसकट वाऱ्यावर लांब जातं. वाहतं पाणी गाळाची अशीच निवड करत जातं.

पण ही निवड किती टोकाची असते, ते आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं १८५१ मध्ये द्रवात बुडणाऱ्या बारीक गोळ्याच्या वेगाचं सूत्र मांडलं. त्यातली मोलाची गोष्ट एकच : वेग व्यासाच्या वर्गाच्या पटीत बदलतो. कण दहापट बारीक झाला की तो शंभरपट सावकाश बुडतो. स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला एक मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला सहा-सात सेकंद लागतात (इतक्या मोठ्या कणाला स्टोक्सचं सूत्र नीट लागू पडत नाही, हा मोजलेल्या वेगांवरचा अंदाज). ०.०२ मिलिमीटरच्या पोयट्याला पाऊण तास. ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तीन दिवस. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा कण घेतला तर दहा महिने, आणि तेही पाणी जराही हललं नाही तर. नदीत पाणी कधीच इतकं शांत नसतं. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर सगळ्यात बारीक चिकणमाती कुठे बसायलाच नको. तरी ती बसते, कारण हे कण एकटे राहत नाहीत.

आपल्या काळ्या मातीतलं मुख्य खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. ते पातळ पापुद्र्यांचं बनलेलं असतं आणि एक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्याच्या आत काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. ॲल्युमिनियमचा धनभार तीन, मॅग्नेशियमचा दोन. त्या तुटीमुळे अख्ख्या पापुद्र्यावर कायमचा ऋणभार राहतो. सगळे पापुद्रे ऋण, म्हणून पाण्यात ते एकमेकांना ढकलत राहतात आणि पाणी दिवसच्या दिवस गढूळ राहतं. आता पाण्यात धन आयन (म्हणजे धनभार असलेले अणू) आले की ते पापुद्र्यांभोवती गोळा होतात आणि ढकलण्याचा जोर झाकला जातो. दोन कण पुरेसे जवळ आले की अगदी कमी अंतरावर चालणारं आकर्षण त्यांना चिकटवतं. सोडियमचा भार एक, म्हणून तो हे काम कमकुवतपणे करतो. कॅल्शियमचा दोन, तो बरा. ॲल्युमिनियमचा तीन, आणि त्याचा परिणाम सोडियमच्या शेकडो पट. म्हणूनच घागरीत तुरटी फिरवली की थोड्या वेळात गढूळ पाणी निवळतं. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार.

कण चिकटून त्यांचा पुंजका होतो. समजा ०.००२ मिलिमीटरच्या कणांचा ०.१ मिलिमीटरचा पुंजका झाला. व्यास पन्नासपट, म्हणून वेग अडीच हजारपट व्हायला हवा. पण पुंजका पोकळ असतो, आत पाणीच जास्त, त्यामुळे पाण्याच्या तुलनेतला त्याचा जडपणा विसाव्या हिश्शावर आला असं धरू. तरीही वेग सव्वाशेपट होतो आणि तीन दिवसांचं अंतर पाऊण तासाच्या आत कापलं जातं. निसर्गाची ही करामत मला भूशास्त्रातली सगळ्यात देखणी वाटते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. तुरटीनं गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, सगळे नाही. पूर ओसरल्यावर तुरटी फिरवून पाणी तसंच पिणं धोक्याचं आहे. ते उकळायलाच हवं, किंवा त्यात क्लोरीन हवं.

आता शेताकडे वळू. खाली बसलेला कण पुन्हा उचलायला पाण्याला किती वेग लागतो, याचा आलेख स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रॉमनं १९३५ मध्ये मांडला. सगळ्यात सहज उचलली जाते ती बारीक वाळू; सेकंदाला वीसेक सेंटिमीटर वेगही तिला पुरतो. गोटे जड, म्हणून त्यांना जास्त वेग लागतो. आणि चिकणमातीलाही जास्तच लागतो. घट्ट बसलेला चिकणमातीचा थर उखडायला वाळूच्या कित्येकपट वेग लागतो, कारण तिथे वजनापेक्षा चिकटपणा मोठा असतो. म्हणून पड जमिनीतली घट्ट काळी माती पुराला बऱ्यापैकी तोंड देते आणि नुकतीच नांगरलेली, पेरणीसाठी भुसभुशीत केलेली तीच माती पटकन जाते. तिथे पाणी सुटे कण उचलत नाही, वाळूएवढी ढेकळं उचलतं. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला पाणी वेगानं घासतं, आतल्या काठाला ते मंदावतं. बाहेरचं शेत खरडतं, आतलं बुजतं. आणि उभ्या उसात पाणी शिरलं की प्रत्येक कांडं त्याला अडवतं : पहिल्या काही सऱ्यांत वाळू पडते, पुढे पोयटा, आणि जिथे पाणी चार दिवस तुंबलं तिथे चिकणमाती.

भीमेवरच्या उजनी धरणातही हेच घडतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृत साठा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या पातळीखाली गेलं, सोलापूरसाठी दुबार-तिबार पंपिंग सुरू झालं की गाळ काढण्याच्या मागणीची बातमी ठरलेली. बऱ्याच जणांना वाटतं की गाळ भिंतीपाशी तळातून वर भरत येतो. प्रत्यक्षात भीमा भिगवणच्या बाजूनं जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग मोडतो, आणि वाळू, जाड पोयटा तिथेच पडतो. भिंतीपर्यंत पोहोचते ती मुख्यतः चिकणमाती. ‘पूर आला की वाळू परत येते’ हा समजही इथे तुटतो. धरणाखाली सोडलेलं पाणी वाळू मागे टाकून आलेलं असतं. पंढरपूरच्या वाळवंटाला नवी वाळू मिळाली तर ती नीरेकडून आणि छोट्या ओढ्यांकडून, आणि नीरेच्या खोऱ्यातही धरणं आहेतच. एकदा उपसलेली वाळू वर्षभरात भरून येईल हा हिशेबच चुकीचा आहे.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून तलावातला गाळ म्हणजे सोनं, तो टाकला की खताची गरज नाही, असे संदेश फिरतात. कुठला गाळ, हे कुणी विचारत नाही. सांगोल्याकडच्या हलक्या मुरमाड रानाला चिकणमातीचा गाळ खरोखर तारतो, कारण पाणी धरून ठेवण्याची ताकद त्यातून येते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात तोच ओतला तर आधीच कमी असलेला निचरा आणखी बिघडतो. आणि तलावाच्या तोंडाशी उपसलेला वाळूचा गाळ कुठल्याच शेताच्या फारसा उपयोगाचा नाही.

ट्रॉली भरण्याआधी तपासायला एक काचेची बरणी पुरते. तिसरा हिस्सा गाळ, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. सोड्यातलं सोडियम कणांचे पुंजके होऊ देत नाही, त्यांना सुटं ठेवतं. जोरात हलवून बरणी टेकवा. मिनिटभरात तळाशी बसली ती वाळू, तिथे खूण करा. पुढच्या काही तासांत बसला तो पोयटा, दुसरी खूण. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दिसलं तर ती चिकणमाती. वाळूचा थर निम्म्याच्या वर असेल तर ट्रॉलीचं भाडं वाचवा. पुरानं शेतात टाकलेल्या गाळालाही हीच कसोटी लावा : पातळ आणि बारीक असेल तर वाफसा आल्यावर नांगरून मिसळा, वाळूचा असेल तर आधी उचलून बाहेर काढा.