४० मीटरला १ सेंटिमीटर

नागपूर जिल्ह्यात काटोलकडे संत्र्याच्या बागेत ओलित करणाऱ्याला विचारा. दांडाचा, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या चराचा, उतार जरा चुकला, की निम्मी झाडं तहानलेली राहतात आणि उरलेल्यांच्या बुंध्याशी पाणी साचून डिंक्या रोग लागतो. म्हणून तर आपल्याकडे दुहेरी आळं करतात: आतलं बुंध्याभोवती कोरडं, बाहेरचं पाण्याचं.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याभोवतीची बाग १९९७ ते २००३ या काळात पूर्ववत करण्यात आली. त्या कामाबद्दल वाचताना मला ही संत्र्याची बाग सारखी आठवत होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांनी ते केलं. सुमारे १२ हेक्टरांची ही चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली बाग, मधोमध मकबरा आणि चहूकडे दगडी पाट. या पाटांना उतार किती? ४० मीटरला फक्त १ सेंटिमीटर! म्हणजे ४०० मीटर गेलं तरी पाणी जेमतेम १० सेंटिमीटर खाली येतं. उतार वाढला असता तर पाणी धावलं असतं आणि पाटाचं टोक जमिनीत खोल गेलं असतं. अजिबात नसता तर पाणी साचून शेवाळ धरलं असतं.

एवढा बारीक फरक डोळ्यांना दिसत नाही. पण पाण्याला तो कळतो. गवंडीकाका भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतात, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. दोन्ही टोकांना त्या पाण्यापासून पाटाच्या तळापर्यंतचं अंतर मोजलं, की दोन अंतरांतल्या फरकावरून उतार सापडला.

मात्र पाट नीट करण्याआधी मूळ जमीन सापडायला हवी. १८६० च्या सुमारास इथले चौकोनी हौद बुजवून इंग्रजी धाटणीचे गोल वाफे केले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बदलले, तरी मातीचे थर चढतच राहिले. या वेळी सुमारे ३,००० ट्रक माती माणसांनी हातांनी उपसली. माझ्या मते सगळ्या कामात मोलाचं हेच. त्यानंतर आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, जाई अशी अडीच हजारांवर झाडं-झुडपं लावली.

एवढी हिरवळ जगवायची तर भूजल टिकायला हवं, म्हणून पावसाचं पाणी जिरवणारे १२८ पुनर्भरण खड्डे खोदले. दिल्लीची माती यमुनेच्या गाळाची, तिच्यात पाणी जिरतं. आपल्याकडे काळी माती पहिल्या पावसातच फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच थांबतं. म्हणून आपल्याकडे असा खड्डा करायचा तर तो मुरमापर्यंत उतरवावा लागेल.