ब्रॉडकॉमची चिप, लिनक्सचे वायफाय आणि न मिळालेली कागदपत्रे

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले की स्क्रीन, आवाज, टचपॅड सगळे विनातक्रार चालते. वायफाय मात्र दिसतच नाही. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ ही कमांड दिली की त्यात एक ओळ सापडते: ‘बी४३/यूकोड५.एफडब्ल्यू’ ही फर्मवेअर (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल मिळाली नाही. वायफायची चिप ब्रॉडकॉम या कंपनीची आहे, एवढे त्यावरून कळते. पण ती फाइल लिनक्ससोबत का येत नाही, हे समजायला वीसेक वर्षे मागे जावे लागते.

सुरुवातीला परिस्थिती बरी होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एचपीच्या जाँ तूरिल यांनी लिनक्ससाठी ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ आणि त्यासोबतची ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही कमांड लिहिली. तेव्हाच्या ल्युसेंटच्या ओरिनोको किंवा इंटरसिलच्या प्रिझम चिपच्या कार्डांत नेटवर्क सांभाळण्याचे बरेचसे काम कार्ड स्वतःच करायचे. ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरला, फारसे काही माहीत असण्याची गरज नव्हती.

पुढे चिप स्वस्त करण्यासाठी कंपन्यांनी ते काम कॉम्प्युटरवर ढकलले. फर्मवेअरही अनेक कार्डांत कायमचे साठवलेले राहिले नाही. प्रत्येक वेळी ड्रायव्हरनेच ते चिपमध्ये भरायचे. आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याला चिपची आतली रचना माहीत असणे भाग होते, आणि नेमकी तीच कागदपत्रे कंपन्या देईनात. रेडिओची ताकद आणि वारंवारता सॉफ्टवेअरने बदलता येते, त्यामुळे सरकारी नियमांचा भंग होईल, हे त्यासाठी वारंवार दिलेले कारण. भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्यासाठी सगळीच माहिती कुलपात ठेवणे मला कधीच पटलेले नाही.

ब्रॉडकॉमच्या बाबतीत हे जास्त खुपले, कारण तिच्या चिप सगळीकडे होत्या: डेल, एचपी, ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्ट्रीममध्ये आणि लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्येसुद्धा. हा राउटर लिनक्सवरच चालतो, हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले. लिनक्सच्या जीपीएल परवान्यात सोर्स कोड देण्याची अट असल्यामुळे कंपनीला तो द्यावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे खुले लिनक्स उभे राहिले. वायफायचा ड्रायव्हर मात्र त्यात फक्त बायनरी रूपात, म्हणजे माणसाला न वाचता येणाऱ्या यंत्रभाषेत, होता.

त्याच सुमारास ‘एनडिसरॅपर’ आला. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा, ही त्याची कल्पना. सीडीवरून ‘बीसीएमडब्ल्यूएल५’ नावाची आयएनएफ आणि एसवायएस फाइल काढायची, ‘एनडिसरॅपर’ला द्यायची, मॉड्यूल लोड करायचे. ६४ बिटांच्या लिनक्सला विंडोजचाही ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागायचा आणि तो मिळणे तेव्हा दुरापास्त होते. कर्नल कोसळला तर दोष कुठे आहे हे कोणी सांगू शकत नव्हते, कारण आतला कोड कोणालाच दिसत नव्हता. तरीही त्या काळात असंख्य लोकांचे लिनक्स त्याच्याच जोरावर टिकले.

खरा मार्ग काढला तो स्वयंसेवकांनी, आणि त्यांच्या कामाची शिस्त मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी दोन गट केले. एका गटाने बंद ड्रायव्हरची बायनरी उलगडून, चिपमधल्या कोणत्या रजिस्टरमध्ये (छोट्या साठवणकप्प्यात) काय लिहिले की चिप काय करते, याची टिपणे तयार केली. दुसऱ्या गटाने ती बायनरी पाहायचीच नाही. फक्त टिपणे वाचून नवा कोड लिहायचा. त्यामुळे कोड चोरल्याचा आरोप टिकला नसता. यातून झालेला ‘बीसीएम४३एक्सएक्स’ हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला.

दरम्यान डिव्हाइसस्केप या कंपनीने आपला वायफाय स्टॅक, म्हणजे जोडणी सांभाळणारा सामाईक कोड, खुला केला. त्यातून झालेला ‘मॅक८०२११’ २००७ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला, आणि प्रत्येक ड्रायव्हरने तेच काम नव्याने करण्याची गरज संपली. त्यावर बेतलेला ‘बी४३’ जानेवारी २००८ मध्ये आला. हा ड्रायव्हर पुढे वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्यांत लॅरी फिंगर होते. मूळचे स्फटिकशास्त्राचे अभ्यासक असलेल्या या माणसाने २०२४ मध्ये निधन होईपर्यंत रिअलटेकच्या ड्रायव्हरांवरही काम केले.

कंपन्याही हळूहळू वळल्या. अथेरॉसने २००८ मध्ये ‘एटीएच९के’ पूर्ण खुला दिला. ब्रॉडकॉमने त्याच वर्षी ‘डब्ल्यूएल’ हा बंद ड्रायव्हर आणला. कर्नल बदलला की तो मोडायचा आणि लिनक्सच्या वितरणांचे (डेबियनसारख्या तयार आवृत्त्यांचे) स्वयंसेवक डागडुजी करत बसायचे. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने अखेर खुला ड्रायव्हर जाहीर केला, पण तो नव्या चिपसाठी होता. ४३०६, ४३१८ अशा जुन्या चिपचे मालक ‘बी४३’वरच राहिले.

या चिपचे फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमचेच, आणि ते इतरांना वाटण्याची परवानगी कंपनीने दिली नाही. म्हणून ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ हे साधन निघाले: कंपनीचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि त्यातून फर्मवेअर कापून काढायचे. त्यासाठी इंटरनेट लागते, आणि इंटरनेट तर याच कार्डावरून यायचे असते. केबल किंवा मोबाइलचे यूएसबी टेदरिंग हा यावरचा सोपा उपाय.

२०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून इंटेल आणि इतर अनेक कार्डे इन्स्टॉल करतानाच चालू होतात. ‘बी४३’चे फर्मवेअर त्यात नाही. त्याचे पॅकेज अजूनही फाइल इंटरनेटवरून उतरवून मगच कापते.