ई-मेल यादीतून नाव कमी करणे

जाहिरातीचे मेल नकोसे झाले की ते केव्हाही, फुकट आणि कारण न सांगता बंद करता यावेत, यासाठी पाठवणाऱ्याने ठेवायची सोय. बोलताना सगळे 'अनसबस्क्राइब' म्हणतात. पण रेशनकार्डातून नाव कमी करतात तसेच हे यादीतून नाव कमी करणे, आणि मराठीत हा शब्द आधीपासून तयार आहे.

बडोद्यात नाव यादीत जाते ते बहुधा नकळत. कपड्यांच्या दुकानात बिल करताना ई-मेल विचारतात. नवरात्रात गरब्याचा पास ऑनलाइन काढताना तो भरावा लागतो, आणि खालच्या चौकटीत बरोबरची खूण कधीकधी आधीच केलेली असते. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या ज्या मराठी घरांत मुले बाहेरगावी आणि आईवडील इथे, तिथे याचा जास्त त्रास. पेन्शनचा कागद, तपासणीचा रिपोर्ट, नातवाचे फोटो सगळे मेलवरच येते, आणि सवलतींच्या ढिगाखाली नेमका हवा तोच मेल सापडत नाही.

बाहेरची वाट मात्र शोधावी लागते. मेल पार तळापर्यंत सरकवला की फिक्या राखाडी अक्षरांत एक शब्द दिसतो, तोही इंग्रजी. त्यावर बोट ठेवले की पासवर्ड मागणारे पान उघडते. ज्या काकूंनी फक्त बिलासाठी पत्ता दिला, त्यांनी खाते कधी उघडलेलेच नसते. पासवर्ड आणायचा कुठून? पुढे सात-आठ खुणा एकेक करून काढायच्या, आणि शेवटच्या बटणावर 'नको, मला बचत करायची नाही' असे लिहिलेले. असे ओशाळवून माणसाला अडवणे ही फसवणूकच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या रचना नोंदवल्या, त्यांत ओशाळवण्याची ही रीतही आहे.

अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार विनंती आल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत मेल थांबवावे लागतात. त्यासाठी पैसे किंवा ई-मेल पत्त्याखेरीज दुसरी माहिती मागता येत नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो की संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीच्या कलमांना अठरा महिन्यांची मुदत आहे. याच कायद्याने संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला आहे, म्हणजे बडोद्याच्या मराठी माणसाला ती मराठीत मागता येईल. बडोदा संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला होता. त्या शहरात नकाराचे बटण एकाच भाषेत असावे, हे खटकते.

१९०९ या क्रमांकावरची डीएनडी (जाहिराती नकोत अशी) नोंदणी फोन आणि एसएमएसपुरती आहे. मेलला तिचा उपयोग नाही.

तांत्रिक बाजू जुनीच आहे. मेलच्या शीर्षभागात (ॲपने वाचायच्या, एरवी न दिसणाऱ्या ओळींत) नाव कमी करण्याचा पत्ता ठेवण्याची रीत १९९८ च्या आरएफसी २३६९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने घालून दिली. त्याच्या आधारे मेलचे ॲप पाठवणाऱ्याच्या नावाजवळच बटण दाखवते. पुढे एक अडचण आली: काही कार्यालयांची सुरक्षा यंत्रणा मेलमधली प्रत्येक लिंक आधी उघडून तपासते, आणि तेवढ्यानेच नाव कमी होऊन जाई. म्हणून २०१७ च्या आरएफसी ८०५८ मध्ये लिंक नुसती उघडणे पुरत नाही, बटण दाबल्यावर ॲपने पाठवलेली वेगळी 'पोस्ट' विनंती लागते. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून ही एका टिचकीची सोय सक्तीची केली.

यात पाठवणाऱ्याचेही भले आहे. वाट सापडली नाही की माणूस वैतागून 'स्पॅम' दाबतो. अशा तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की बाकीच्यांचे मेलही स्पॅममध्ये पडू लागतात. (मुळात अनोळखी, संशयास्पद मेल असेल तर मात्र त्यातली लिंक दाबू नये; तिथे 'स्पॅम'च योग्य.)

घरगुती दिवाळी फराळाच्या ऑर्डरी मेलवर घेणाऱ्या ताईंना मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. मेलच्या वरच, ठळक अक्षरांत 'पुढे मेल नको असेल तर उत्तरात फक्त नको लिहा' एवढी ओळ पुरते. मात्र नाव नुसते पुसून टाकण्याची चूक हमखास होते. पुढच्या वर्षी जुन्या ऑर्डरींची वही पुन्हा यादीत उतरवली की तेच नाव परत येते, आणि एकदा नको म्हटलेल्या गिऱ्हाइकाला चकली-अनारशांचे दर पुन्हा जातात. म्हणून 'नको' म्हणणाऱ्यांची वेगळी यादी ठेवायची, आणि पाठवण्याआधी दरवेळी तिच्याशी नावे ताडून पाहायची.